पानं पिवळी पडेपर्यंत

वॉर्डात तिला सगळे ‘उठूनका’ म्हणायचे. तोंडावर नाही हं, तोंडावर मावशीच, पण पाठ फिरली की उठूनका. उठूनका आज दिवसपाळीला आहे का, उठूनकाला सांगा चादरी संपल्या. एका नव्या डॉक्टरला ते तिचं आडनाव वाटलं आणि त्याने सगळ्यांसमोर तिला त्याच नावाने हाक मारली, तर ती ‘आले’ म्हणून निघाली पण. रागवायलाही अंगात ताकद लागते, आणि दुपारी दोननंतर तिच्याकडे ती उरायचीच नाही.

हाडांचा वॉर्ड होता. कुणाचा पाय वर टांगलेला, कुणाची मांडी प्लास्टरमध्ये, कुणाच्या खुब्यात नवीन सळई. ती तिथली आया. तिचं काम म्हणजे ह्या सगळ्यांना न उठवता त्यांचं सगळं करायचं. भांडं द्यायचं, भांडं काढायचं, अंग पुसायचं, घास भरवायचा, कूस बदलायची, आणि माणूस वर झोपलेला असताना त्याच्या खालची चादर बदलायची, एक सुरकुती न पाडता. ह्यात तिचा हात धरणारं अख्ख्या दवाखान्यात कुणी नव्हतं. आणि दिवसभर तोंडात एकच, उठू नका, मी आहे ना. व्यायामवाल्या बाई यायच्या, पेशंटला उभं करायच्या, चार पावलं चालवायच्या आणि जायच्या, की ही मागून येऊन त्याला परत झोपवायची आणि पांघरूण गळ्यापर्यंत ओढायची. त्या बाई म्हणायच्या, मी विणते आणि ही उसवते.

त्याला कारण होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी, सलग दोन पाळ्या झालेल्या, ती स्टुलावर जरा टेकली आणि तिचा डोळा लागला. पाच मिनिटं. तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ पाणी घ्यायला आपले आपण उठले आणि पडले. जुळत आलेलं हाड परत मोडलं. तिला कुणी फार बोललं पण नाही. पण त्या पडण्याचा आवाज तिच्या कानात जो बसला तो बसलाच. तेवीस वर्षं झाली त्याला. तेवीस वर्षांत ती ड्यूटीवर परत कधी बसली नाही, आणि आपल्यासमोर कुणाला उठू दिलं नाही.

अशा बाईच्या घरी तिचे वडील राहायला आले.

वडील गवंडी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या भिंती बांधल्या. दोरी लावल्याशिवाय विटेला हात नाही आणि ओळंबा सोडल्याशिवाय दुसरा थर नाही. स्वतःचं घर मात्र दोन खोल्यांचं, पुढे चार पायऱ्या, मागे भाजीचे वाफे. बायको गेल्यावर दोन वर्षं ते तिथे एकटेच राहत होते, आपलं करत होते, खात होते. आणि ह्या वर्षी पावसाळा संपता संपता त्याच चार पायऱ्यांवरून पडले. स्वतः बांधलेल्या पायऱ्या, एकेका इंचाची ओळख. सकाळी पडले आणि शेजाऱ्याने बघितलं दुपारी. तोवर तिथेच पडून होते, ऊन अंगावरून सरकत गेलं. शेजारी म्हणजे त्यांचा तीस वर्षांपूर्वीचा हाताखालचा बिगारी, आता स्वतःच म्हातारा झालेला. त्याने गाडी करून आणलं. खुब्याचं ऑपरेशन झालं, हाड जुळवलं, आणि लेकीने त्यांना सरळ आपल्या घरी नेलं.

पहिल्याच दिवशी ते म्हणाले होते, पुढच्या महिन्याच्या शेवटी जातो. ती म्हणाली, बघू. पण त्यांचं ‘जातो’ म्हणजे बघू नव्हतंच. घराची किल्ली शेजाऱ्याकडे होती, त्याला फोनवर तारीखसुद्धा सांगून झाली होती. आणि तिला रात्रंदिवस एकच दिसत होतं, त्या चार पायऱ्या आणि वरून सरकणारं ऊन. ह्या वेळी शेजारी दुपारी आला नाही तर? गावाला गेला असला तर? तिची नोकरी इथे, नवऱ्याची इथे, तिकडे जायचं म्हणजे बसने अर्धा दिवस. त्यामुळे तिच्या डोक्यात बाकी काही नव्हतंच. बाबांना जाऊ द्यायचं नाही. कसंही करून.

म्हणून तिने तिला जे येतं ते केलं. त्यांचं सगळं केलं. पुढच्या खोलीत खिडकीपाशी पलंग लावला, उशीला टेकू दिला, पाणी हाताशी, चष्मा हाताशी. ड्यूटीला जायच्या आधी त्यांचं अंग पुसून, जेवण झाकून ठेवून जायची आणि आल्या आल्या चप्पल काढायच्या आधी त्यांच्याकडे. दवाखान्यातून वॉकर दिला होता, तो तिने दाराआड ठेवला. एकट्याने उठायचं नाही. न्हाणीघरात जायचं तर मी असताना, नाहीतर हे असताना.

‘हे’ म्हणजे तिचा नवरा. तो बेकरीत भट्टीवर होता, पहाटे जायचा, दुपारी यायचा आणि यायचा तो झोपूनच, फक्त डोळे उघडे. तो सासऱ्यांना म्हणायचा, मामा, मजा आहे तुमची, मला पण कुणीतरी एकदा पलंगावरून ढकला. आधी बाबा हसायचे. मग हसेनात. मग बोलेनात. ताट आलं की खायचे, रिकामं झालं की सरकवायचे, आणि दिवसभर खिडकीतून बाहेर बघायचे.

खिडकीबाहेर काय, तर काही नाही. घराची भिंत आणि कुंपणाची भिंत ह्यांच्यामध्ये एक पट्टा, चार पलंग मावतील एवढा. त्यात मोडकं कपडे धुण्याचं मशीन, फुटक्या फरशा, कुणीतरी उरवलेल्या विटा आणि गुडघाभर गवत. एक दिवस ती ताट उचलायला वाकली तर बाबा एकदम म्हणाले, “ही जागा अशी मोकळी काय ठेवलीय? हेच दिवस आहेत. आत्ता मुळा-पालक टाकला तर थंडी पडायच्या आत हाताशी येईल. कडेने शेवंती.”

आठ दिवसांत पहिल्यांदा एवढं बोलले. आंधळा मागतो एक डोळा तशी तिची गत झाली. तिला वाटलं, झालं, हेच. बाग करू. बाबांसाठी मागे बाग करू, त्यांच्या घरी आहे तशी, मग कशाला जातील.

आता गवंड्याची लेक असली तरी तिने जन्मात मातीत हात घातला नव्हता. लहानपणी आई वाफ्यात असायची, बाबा कामावर, आणि ही घरात धाकट्यांना सांभाळायला. पण कामाला ती भीत नव्हती. दिवसपाळी संपवून चार वाजता आली, पदर खोचला आणि सुरू. पहिल्या दिवशी गवत. दुसऱ्या दिवशी फरशा. मशीन नवऱ्याने आणि तिने मिळून ओढत दाराशी नेलं, तेव्हा नवरा म्हणाला, ह्याला जाताना तरी चालता येतंय का बघ. तिसऱ्या दिवशी खणायला घेतलं तर फावडं मातीत जाईचना, वर टण्ण करून उडायचं. दिवसभर दीडशे किलोची माणसं इकडची तिकडे करणारी बाई, पण त्या मातीने तिच्या कमरेचा पार भुगा केला. संध्याकाळी ती भिंतीला धरून धरून आत यायची.

आणि बाबा खिडकीतून बघायचे. पहिल्या दिवशी त्यांनी चक्क पाय खाली सोडले होते. “वॉकर दे इकडे, मी येतो बाहेर. नुसता स्टुलावर बसून सांगतो.”

“उठू नका,” ती फावडं न थांबवता म्हणाली. “तिथून सांगा. मी आहे ना.”

मग ते तिथून सांगायचे. माती चाळून घे, त्यात चुन्याचे खडे आहेत. वाफा जरा उंच कर. नवरा म्हणाला, मामा, ह्यालाच उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात. बाबा म्हणाले, उंट तरी चालतो रे. ते असं म्हणाले आणि मग खिडकीचं दार त्यांनी अर्धं लोटून घेतलं. ती तेव्हा खाली वाकलेली होती, तिने ऐकलं, पण त्यात ऐकण्यासारखं काय होतं ते तिच्या लक्षात आलं नाही. इतकी दमलेली असताना माणसाला शब्द ऐकू येतात फक्त, त्याच्या आतलं काही ऐकू येत नाही.

बी पेरलं तो दिवस सुट्टीचा होता. एका वाफ्यात मुळा, एका वाफ्यात पालक, तिसऱ्यात वाटाणा, कडेला झेंडू. आणि वाफे असे केले तिने की काय सांगावं. काठ ताठ, कोपरे काटकोनात, वरची माती तळहाताने दाबून दाबून गुळगुळीत, एक सुरकुती नाही. बी चांगलं बोटभर खोल घातलं, वरून माती घट्ट खोचली, आणि ऊन लागू नये म्हणून दवाखान्यातून बाद झालेल्या दोन जुन्या चादरी त्यावर पांघरल्या. मग पाणी. सकाळी निघताना एकदा, आल्यावर एकदा, झोपायच्या आधी एकदा. वॉर्डात औषधं असतात तसं, दिवसातून तीनदा, चुकवायचं नाही.

बाबा खिडकीतून म्हणाले, एवढं दाबू नको गं. मग म्हणाले, खोल गेलं. मग दोन दिवसांनी म्हणाले, पाणी जास्त होतंय, त्याला श्वास घेऊ दे. ती हो हो म्हणाली आणि घातलं पाणी. तिला दोष तरी काय द्यायचा. तेवीस वर्षं अंथरुणावरचा माणूस काही म्हणतो आणि आपण हो हो म्हणून आपल्याला करायचं तेच करायचं, हीच सवय. पेशंटचं सगळंच ऐकत बसलं तर वॉर्ड चालत नाही.

मुळा पाचव्या दिवशी वर यायला हवा होता. नाही आला. आठव्या दिवशी नाही, दहाव्या दिवशी नाही. चादर उचलून बघायची, परत घालायची. अकराव्या दिवशी एका कोपऱ्यात चार पांढुरक्या काड्या मान टाकून पडलेल्या दिसल्या, आणि तिने बोट घालून उकरलं तर खाली बाकीचं बी कुजून मऊ झालेलं, वास मारत होतं. ती तिथेच उकिडवी बसून राहिली. एवढी कंबर मोडून घेतली, एवढे दिवस, आणि झालं काय. खिडकीकडे बघायची तिची हिंमत झाली नाही.

त्याच आठवड्यात ती गोष्ट झाली.

एक आया आजारी पडली म्हणून हिला दिवसपाळीनंतर रात्रपाळी पण करायला लागली. सकाळी घरी आली तेव्हा तिचे पाय चपलेत मावत नव्हते. बसमध्ये उभ्या उभ्या झोपली होती आणि दोन थांबे पुढे जाऊन परत चालत आली होती. दार उघडलं, तर बाबा पलंगाचा कठडा धरून अर्धे उठलेले. नवरा पहाटेच गेलेला, त्यांना न्हाणीघरात जायचं होतं आणि ते तासभर तिची वाट बघत होते. तिने पाहिलं, धावत गेली, दोन्ही खांदे धरले, आणि दाबून खाली बसवलं.

“नऊ नंबर, उठू नका. किती वेळा सांगायचं?”

बोलली आणि तिला कळलंसुद्धा नाही काय बोलली ते. भांडं आणलं, सगळं उरकलं, हात धुतले, जेवायला वाढलं. बाबांनी ताटाला हात लावला नाही. तिच्याकडे न बघता, हळूच म्हणाले, “नऊ नंबरला कोण आहे?”

तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला. ती काहीतरी म्हणायला लागली, झोप नव्हती, डोकं ठिकाणावर नव्हतं. बाबांनी हात वर केला. रागाने नाही. “तुझ्याकडे मला काही कमी नाही पोरी. वेळेवर खायला, वेळेवर सगळं. पण तिकडे मी पडलो तर पडलो तरी माझ्या घरात पडेन. इथे मी नुसता नऊ नंबर आहे.”

आणि तिच्यासमोरच फोन उचलून त्यांनी शेजाऱ्याला सांगितलं की महिनाअखेर कशाला, येत्या रविवारीच गाडी घेऊन ये.

तिने वाद घातला नाही. वाद घालायला आधी डोळे उघडे राहायला पाहिजेत. ती आत गेली आणि पडली, आणि झोप लागायच्या आधी तिने ते पुरतं रडूनही घेतलं नाही, अर्ध्यातच झोपली.

मधले दिवस तसेच गेले. वॉर्डात एकदा व्यायामवाल्या बाईंनी सहज विचारलं, वडील किती पावलं चालतात आता? ती म्हणाली, न्हाणीघरापर्यंत. धरून. बाई म्हणाल्या, अजून? नेहमीसारखं विणते-उसवते त्या म्हणाल्या नाहीत, नुसत्या तिच्याकडे बघत राहिल्या. ती चादरीचा कोपरा खोचत होती. खोचलेला कोपरा तिने सोडवला आणि परत खोचला.

शनिवारी परत रात्रपाळीवरून सकाळी घरी येताना रस्त्याच्या कडेला एक रोपवाला बसला होता. तिने काही विचार केला नाही, उतरली बसमधून. कोबीची दहा रोपं, शेवंतीच्या तीन काळ्या पिशव्या, मुळ्याचं आणि पालकाचं नवीन बी, अशी दोन्ही हातांत घेऊन घरी आली. उद्या गाडी येणार. आज एका दिवसात सगळं लावून टाकायचं, निदान उद्या सकाळी बाबांना खिडकीतून काहीतरी हिरवं दिसेल, मग कदाचित... पुढचं तिलाही माहीत नव्हतं. घरात गेलीच नाही, सरळ मागे गेली. पिशव्या वाफ्याच्या कडेला ठेवल्या. बादली पालथी घातली आणि चपलेचा बंद सोडायला म्हणून तिच्यावर बसली. पाठ भिंतीला लागली. भिंत उन्हाने कोमट झाली होती.

तेवढंच आठवतं तिला.

जाग आली ती खरवडल्यासारख्या आवाजाने. ऊन पायांवरून सरकून भिंतीवर गेलं होतं. आधी तिला वाटलं वॉर्डातच आहोत, आपला डोळा लागला, कोण पडलं?

कुणी पडलं नव्हतं. समोर बाबा होते. वाफ्याच्या कडेला स्वयंपाकघरातलं स्टूल, त्यावर बसलेले, वॉकर बाजूला मातीत रुतवून उभा केलेला. दाराआडचा वॉकर. म्हणजे पलंगापासून भिंत धरत दारापर्यंत, तिथून वॉकरने स्वयंपाकघर, मागचं दार, त्या दाराची एक पायरी, हे सगळं ते एकटे आले होते. स्टूल कसं आणलं देव जाणे. त्यांच्या हातात तिचा भात वाढायचा मोठा चमचा होता आणि ते त्याने तिची ती गुळगुळीत माती फोडत होते. एक वाफा पूर्ण सुटा केला होता. दुसऱ्याच्या कडेने त्या पडीक विटा रचलेल्या, माती न लावता नुसत्या, पण ओळ सरळ दोरीत. दोन काटेचमचे जमिनीत रोवून त्यांच्यामध्ये तिचा शिवणाचा दोरा ताणून बांधला होता.

“बाबा,” ती म्हणाली.

“जागी झालीस? घोरत होतीस.” त्यांनी वर बघितलं नाही. “वीट संपली इकडची. ती तिकडची हवी.”

ती तिकडची म्हणजे सहा पावलांवर. ती उठायला लागली, पण तिच्या आधी त्यांनी वॉकर धरला होता. दोन्ही हातांवर भार देऊन ते उभे राहायला लागले. पाय थरथरत होते, विजारीच्या कापडातून दिसत होते थरथरताना. अर्धे उठले, परत बसले, परत उठले.

तिच्या तोंडात शब्द तयार होता. तेवीस वर्षांचा शब्द, त्याला काही विचारून यायचं नव्हतं. तिने ओठ दाताखाली धरले. दोन्ही हातांनी बादलीची कड घट्ट पकडली, कारण हात पण आपले आपण पुढे जायला बघत होते. एक पाऊल. वॉकर मातीत रुतला, त्यांनी उचलला, पुढे ठेवला. दुसरं. तिसऱ्या पावलाला ते डावीकडे झुकले आणि तिच्या कानात तो जुना आवाज आला, अगदी खणखणीत, जसा काही ते पडलेच. ते पडले नाहीत. थांबले, एक शिवी हासडली, कुणाला ते कळलं नाही, आणि पुढे गेले. वीट उचलून बगलेत धरली. परत यायला किती वेळ लागला कुणास ठाऊक, तेवढ्यात ती घामाने भिजली होती, बसल्या जागी.

मग त्यांनी मुळ्याचं बी टाकलं. दोऱ्याच्या खाली नखाएवढा चर, त्यात दोन-दोन बोटांवर एकेक दाणा, वरून माती चिमटीने, मीठ घातल्यासारखी. दाबलं नाही. पालकाचं बी त्यांनी आधीच वाटीत भिजत घातलं होतं. “पाणी दे,” म्हणाले.

ती उठली, लोटा भरला, वाफ्यापाशी आली आणि थांबली.

“किती घालू?”

आता मात्र त्यांनी तिच्याकडे बघितलं. “हात ओला कर आणि शिंपड,” म्हणाले. “बास एवढंच. उद्या बघू.”

उद्या हा शब्द दोघांमध्ये पडला तो तसाच पडून राहिला. कोबीची रोपं लागली, मध्ये हातभर जागा सोडून. शेवंती कडेला लागली. नवरा कामावरून आला, दारात उभा राहिला, वाफे बघितले, सासरे बघितले, मातीने बरबटलेली बायको बघितली, आणि म्हणाला, “आज मला त्या चमच्याने भात वाढू नका म्हणजे झालं.” आणि आत जाऊन झोपला.

शेवटच्या कोपऱ्यात थोडी जागा उरली होती. बाबांनी स्वयंपाकघरातून लसूण मागवला. ती गड्डा घेऊन आली. त्यांनी पाकळ्या सुट्या केल्या, साल न काढता, आणि एकेक पाकळी टोक वर करून मातीत खोचायला लागले, चार-चार बोटांवर.

“हा किती दिवसांचा?” तिने विचारलं.

“दिवसांचा कुठला? पाच महिने घेतो. पानं पिवळी पडली की काढायचा.”

ती बादलीवर बसली. हिशोब सोपा होता, पण गाडी उद्या येणार होती. “मग काढणार कोण?”

“तू काढशील की.” अजून एक पाकळी. “त्यात काय अवघड आहे? सांगून ठेवतो.”

आणि तेव्हा ती जे बोलली ते तिने ठरवून ठेवलेलं नव्हतं. खरं तर तिने आयुष्यात ते कधी कुणापुढे म्हटलंच नव्हतं, नवऱ्यापुढे नाही, सिस्टरपुढे नाही, आईपुढेसुद्धा नाही.

“मला नाही जमायचं बाबा,” ती म्हणाली. “मी फार दमलेय. माझ्याच्याने हे नाही होणार. तुम्ही काढा.”

आवाज साधा होता, रडका नव्हता. बाजारातून येताना जड पिशवी दुसऱ्याच्या हातात द्यावी तसा.

बाबांनी हातातल्या पाकळ्या लावून संपवल्या. उरलेल्या दोन तिच्या तळहातावर ठेवल्या, स्वयंपाकाला घे म्हणून. मग वॉकरला धरून उठले, ह्या वेळी पहिल्याच झटक्यात, आणि मागच्या दाराच्या त्या पायरीकडे बघत म्हणाले की ही कुणी बांधली, एक इंच जास्त उंच आहे, असल्या पायरीवर धडधाकट माणूस पण पडेल. दारापर्यंत गेले. मग वळले.

“त्याला फोन लाव. म्हणावं उद्या ये, पण गाडी रिकामी जाईल. येताना माझी थापी आणि ओळंबा घेऊन ये. आणि ती चाळणी.”

रविवारी शेजारी आला, थापी, ओळंबा आणि चाळणी देऊन, चहा पिऊन गेला. जाताना तिला म्हणाला, तुझ्या बापाने मला तीस वर्षं असाच विनाकारण पळवलाय.

बाबा कायमचे राहिले का, असं कुणी विचारलं तर तिच्याकडे उत्तर नाही. त्यांनी तसं म्हटलेलं नाही. ती पायरी त्यांनी फोडून नव्याने बांधली, बसून, चार दिवस लावून. मुळे आले, वाकडेतिकडे पण आले. शेवंती अजून कळ्यांवर आहे. मध्ये एकदा ते कोबीच्या वाफ्यात खरंच पडले, ढुंगणावर, चिखलात. ती तिथेच होती. हात दिला, उठवलं, विजार धुवायला टाकली. वॉर्डात ती अजून उठूनकाच आहे, कारण तिथे दुसरं काही म्हणून चालत नाही, फक्त व्यायामवाल्या बाईंनी उभं केलेल्या पेशंटला ती आता लगेच झोपवत नाही. जरा वेळ बाजूला उभी राहते, हात मागे बांधून. तेवढ्यानेसुद्धा ती दमते.

पाय अजून सुजतात. बसमध्ये अजून झोप लागते. रात्रपाळीवरून आली की ती घरात न जाता आधी मागे जाते, कोपऱ्यात वाकते आणि लसणाची पात बघते, वॉर्डात तापाचा कागद बघतात तशी, एकेक, शेंड्यापासून खालपर्यंत. अजून हिरवी आहे. मग ती बादलीवर बसते आणि चपलेचा बंद सोडते.